अख्ख्या हर्सूलचा एकच पासवर्ड

मला निवृत्त झालेली बाई म्हणावं की धंदा बंद केलेली, हे अजून आमच्या घरात ठरलेलं नाही. नवरा वाळूजच्या कंपनीतून रीतसर निवृत्त झाला. त्याला शाल मिळाली, नारळ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. मी एका सोमवारी शटर खाली ओढलं आणि किल्ली गाळामालकाच्या हातावर ठेवली, एवढंच. पण सतरा वर्षं हर्सूलमध्ये ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवलं आहे, तेव्हा चार गोष्टी सांगायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते. त्यातली जी सांगायची लाज वाटते तीच सांगते, कारण बाकीच्या मी लग्नकार्यांत सांगून संपवल्या आहेत.

आधी त्या गाळ्यात माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. टायपरायटर भंगारात गेले, दोन कॉम्प्युटर आले आणि बाहेर पाटी लागली: ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.’ शहर तेव्हा औरंगाबाद होतं आणि चारी बाजूंनी सुटलं होतं. तलावाच्या अंगाला, जेलच्या मागं, जिथं आमच्या डोळ्यांदेखत ज्वारी उभी असायची तिथं प्लॉट पडत होते. सोयगाव, कन्नड, फुलंब्रीकडून माणसं येऊन राहत होती आणि आलेल्या प्रत्येकाला काही ना काही कागद हवा होता. जातीचा दाखला, रहिवासी, पॅनकार्ड, पोराची भरती, पोरीचा प्रवेश. सगळं ऑनलाइन झालेलं आणि ते कुणालाच येत नव्हतं. मध्ये मी बसले.

बाहेरच्यांना हा धंदा सोपा वाटतो. गिऱ्हाइकानं सांगायचं, आपण टाइप करायचं. प्रत्यक्षात टाइप करणं हे त्यातलं दोन आणे काम. उरलेले चौदा आणे म्हणजे गिऱ्हाइकाकडून माहिती काढणं. एका आजोबांना जन्मतारीख विचारली तर म्हणाले, “हर्सूलचा तलाव आटला व्हता त्या साली.” मी म्हटलं, तलाव तर कितीदा आटलाय. ते म्हणाले, “मंग त्यातलं कोन्तंबी धरा, आमची काय हरकत नाय.” अशा माणसाकडून आईचं माहेरचं नाव, बँकेचा कोड आणि डोमिसाइलचा नंबर काढायचा म्हणजे विहिरीतून घागर काढण्यासारखं, हळूहळू, दोर सुटू न देता.

आणि एवढं सगळं भरून झालं की शेवटी साइट म्हणायची, पासवर्ड ठरवा. एक मोठं अक्षर, एक लहान, एक आकडा, एक चिन्ह.

मी सुरुवातीला प्रामाणिकपणे विचारत होते, “काय ठेवू?” लोक गोंधळून जायचे. कुणी बायकोचं नाव सांगायचं, मग बायको शेजारी बसलेली आहे म्हणून दुसऱ्यांदा मोठ्यानं सांगायचं. कुणी गाडीचा नंबर. एकानं कळपातल्या पुढं चालणाऱ्या मेंढीचं नाव दिलं होतं आणि ते नाव त्याच्या वस्तीत लहान पोरालाही ठाऊक होतं. इथपर्यंत ठीक. पण दोन महिन्यांनी तोच माणूस परत यायचा आणि विचारायचा, “ताई, आपुन काय ठिवलं व्हतं?” मला आठवायचं नाही, त्याला आठवायचं नाही. नवा घ्यावा तर ओटीपी त्याच्या जुन्या नंबरवर जाणार आणि ते सिम घेऊन भाचा पुण्याला गेलेला. पूर्ण दिवस मोडायचा.

तेव्हा मी शोध लावला. शोधच म्हणते, कारण त्या वेळी मला तो फार चलाख वाटला होता. सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड: इंग्रजीत हर्सूल, पुढं ॲटची खूण, पुढं एक दोन तीन. मोठं अक्षर आहे, आकडा आहे, चिन्ह आहे. साइट खूश, गिऱ्हाईक खूश, मी खूश. कुणीही कधीही आलं तरी मी खाटकन खातं उघडून द्यायची. लोक म्हणायचे, ताईच्या डोक्यात सगळं असतं. मी नाही म्हणत नव्हते.

वर्षभरात तो पासवर्ड माझा राहिला नाही, गावाचा झाला. रांगेतले जुने लोक नव्यांना शिकवायचे. मी एका लग्नाला गेले तर मांडवातल्या वायफायलाही तोच होता, आणि वरमाईनं तो मलाच सांगितला.

एकच गिऱ्हाईक या पंक्तीत बसलं नाही. शेखमामू. जेलमधून शिपाई म्हणून निवृत्त झालेले, पेन्शनच्या कामाला यायचे. पासवर्डची वेळ आली की मला खुर्चीवरून उठवायचे, स्वतः बसायचे आणि एका बोटानं पाच मिनिटं टाइप करायचे. मी एकदा म्हटलं, मामू, मला सांगून ठेवा, विसराल. ते म्हणाले, “मैं बीवी को नै बताया, तुमको कायको बताऊँ?” वर जाता जाता ऐकवलं, “हमारे उधर हर बराक की चाबी अलग रहती, मॅडम. एक चाबी से दो ताले खुले तो नौकरी जाती. तुम तो पूरे मोहल्ले को एकइच चाबी दे दिए.” मी हसले. जेलचा माणूस, त्याला जिथं तिथं कुलूप दिसणार, असं मनात म्हटलं आणि पुढच्या फॉर्मला तोच पासवर्ड टाकला.

मग दुष्काळाची ती सलग वर्षं आली. तलावात पोरं क्रिकेट खेळायला लागली. नळाला पाणी आठवड्यानं, कधी तेही नाही, आणि सगळी वस्ती टँकरवर. माझ्या दुकानावर याचा परिणाम असा झाला की हॉर्न वाजला की पाच सेकंदांत दुकान रिकामं. लोक कागद सोडून पळायचे, चपला सोडून पळायचे आणि मोबाइल माझ्या टेबलावर ठेवून पळायचे, कारण दोन्ही हातांत घागरी धरायच्या असायच्या. ओटीपी येत राहायचे. मी कुणाचा कोणता ते ओळखून टाकत राहायची. लोक पाणी भरून परत यायचे तोवर त्यांचा अर्ज झालेला. याला मी सेवा म्हणायची.

याच दिवसांत सखाराम माझ्याकडं आला. मूळचा सोयगावकडचा, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला. चारा-पाणी संपलं तेव्हा त्यानं निम्मी मेंढरं विकली, उरलेली थोरल्या भावाकडं सोडली आणि हर्सूलला खोली घेऊन वाळूजच्या एका कंपनीत गेटवर उभा राहिला. डोक्याला मात्र पटका तसाच. कंपनीनं टोपी दिली होती, ती तो पटक्यावर घालायचा. त्याची थोरली पोरगी रेणुका. बारावी सायन्स, कमी बोलणारी, आणि बोलली की समोरच्याला उत्तर शोधावं लागणारी.

तिला नर्सिंगला जायचं होतं. ऑनलाइन प्रवेशात कॉलेजांची यादी आपल्या पसंतीनं लावायची असते, पहिलं कोणतं, दुसरं कोणतं, आणि मुदतीच्या आत ती यादी लॉक करायची. एकदा लॉक झाली की तिला हात लागत नाही. रेणुकाची पहिली पसंती शहरातलं सरकारी कॉलेज. घरून जाऊन-येऊन शिकता आलं असतं आणि फी झेपणारी. तिच्या मार्कांवर ते मिळेल असा अंदाज होता, पण काठावरचा. खासगी कॉलेजात जायचं तर सखारामला उरलेला कळपही विकावा लागला असता, आणि तो त्याच्या एकट्याचा नव्हता. घरात थोरल्या भावानं सांगून टाकलं होतं, सरकारी मिळालं तर शिकवा, नाहीतर आत्याच्या पोराशी लग्न. आत्याच्या पोराला कुणी विचारलं नव्हतं.

रेणुकाचा फॉर्म मी ज्या दिवशी भरला, त्याच दिवशी तिच्या मागोमाग मीनलचा भरला. मीनल म्हणजे भाऊसाहेबांची मुलगी. भाऊसाहेब सोयगाव तालुक्यातले बागाईतदार, हर्सूलला बंगला बांधून राहिलेले, सगळ्या गोष्टी स्वतः करून बघण्याची हौस असलेले गृहस्थ. दोन्ही फॉर्म एकामागून एक भरल्यामुळे दोघींचे अर्ज क्रमांक सारखे, फक्त शेवटचा आकडा वेगळा. रेणुकाचा पाच, मीनलचा सहा. पासवर्ड काय होता ते आता सांगायला नको.

यादी लॉक करायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनला सखाराम आणि रेणुका आले. मुदत संध्याकाळी पाचची. मी खातं उघडलं. यादी आधीच लॉक झालेली होती. आणि पहिल्या क्रमांकावर सरकारी कॉलेज नव्हतंच. सिल्लोडच्या पलीकडचं एक खासगी कॉलेज होतं, ज्याचं नाव रेणुकानं कधी ऐकलंही नव्हतं. सरकारी कॉलेज गेलं होतं सातव्या नंबरला.

“ताई, तुम्ही बदललं?” रेणुकानं विचारलं.

“मी कशाला बदलू?”

“मंग कोनी?”

मी तेव्हा जे म्हणाले ते आमच्या धंद्यात सगळेच म्हणतात. “सर्वरचा घोळ असेल. थांबा जरा, होईल बरोबर.” सर्वर ही आमची फार सोयीची जागा. तो कुणी पाहिलेला नाही, तो उलटून बोलत नाही आणि त्याच्यावर काहीही ढकललं तरी चालतं. पण मला आतून ठाऊक होतं की सर्वर कधी कुणाची पसंती बदलत नाही.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. दुकान क्षणात रिकामं. सखाराम बाकावर तसाच बसून होता, पायाशी दोन रिकाम्या कळश्या.

“सखाराम, टँकर आलाय,” मी म्हटलं.

“येऊ द्या,” तो म्हणाला.

त्या दिवसांत टँकर सोडून बसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला त्याच्याकडं बघवेना, म्हणून मी स्क्रीनकडं बघत बसले.

लोक पाणी भरत होते तेव्हा भाऊसाहेब आत आले. पांढरी टोपी, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, चेहऱ्यावर मोठं काम करून आल्याचं समाधान.

“ताई, एक प्रिंट काढा. तुमीच म्हन्ल्या व्हत्या ना, घरबसल्या व्हतंय म्हून? काल म्या घरीच समदं केलं. बाजंवर बसून. पोरीची यादी लावली, लॉक बी केली.”

“मीनलला विचारून?” मी म्हटलं.

“तिला काय कळतंय? माझ्या मेव्हन्याच्या गावापासून कॉलेज चार किलोमीटरवर हाय. जेवायची सोय, ऱ्हायची सोय. घातलं एक नंबरला.” मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, “फक्त एक चूक झाली बघा साइटची. पोरीचं नाव भलतंच आलंय. तेवढं दुरुस्त करून द्या.”

प्रिंटरमधून कागद आला. वर स्वच्छ लिहिलेलं होतं: रेणुका सखाराम.

रेणुकानं तो माझ्या हातातून घेतला, वाचला आणि बापाकडं दिला. सखारामला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण स्वतःचं नाव तो ओळखायचा. भाऊसाहेब एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागले. अंगठा जाडा, मोबाइल लहान, चष्मा ट्रॅक्टरवर राहिलेला. सहाच्या जागी पाच दाबला गेला होता आणि दार उघडलं होतं.

“म्हंजे म्या ह्यांच्या घरात जाऊन बसलो व्हय?” भाऊसाहेब खुर्चीच्या काठावर टेकले. “अरारारा. आन आतून कडी बी लावून आलो.”

सखाराम शांतपणे म्हणाला, “चुकून शिरले, समजलं. पर कुलूप कसं उघडलं?”

तिघंही माझ्याकडं बघत होते. बाहेर बायकांचा आरडाओरडा चालला होता.

“कुलूप सगळ्यांचं एकच आहे,” मी म्हणाले.

माझ्या आयुष्यात इतकं लाजिरवाणं वाक्य मी दुसरं बोललेले नाही. सखाराम चिडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, “आता काय करायचं ते सांगा.”

लॉक उघडायचं तर शहरातल्या प्रवेश केंद्रावर समक्ष जायचं, पाचच्या आत, लेखी अर्ज घेऊन. भाऊसाहेब उठले. “गाडी माझी.” त्यांची जीप दारात उभी होती, मागं पाण्याचे दोन ड्रम भरलेले. ड्रम उतरवायला वेळ नव्हता. मी पुढं, सखाराम आणि रेणुका मागं ड्रमना धरून. दिल्ली गेटपर्यंत नीट आलो. पुढं रस्ता कशासाठी तरी खणलेला, तो तेव्हा कायमच खणलेला असायचा. प्रत्येक खड्ड्याला ड्रममधलं पाणी सखारामच्या पटक्यावर. भाऊसाहेब मागं न बघता ओरडायचे, “सांभाळा, पानी सांडू नका!” मग त्यांना आठवायचं की आज आपण बोलण्याच्या स्थितीत नाही, आणि ते नुसताच हॉर्न वाजवायचे.

वाटेत त्यांनी मीनलला फोन लावला, तिची यादी तशीच पडली असेल या काळजीनं. फोन स्पीकरवर होता.

“अण्णा, माझी यादी मी परवाच लॉक केली,” पोरगी म्हणाली. “सरकारीच टाकलंय एक नंबरला.”

“आन मला नाय सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तुम्ही बदललं असतं. म्हणून पासवर्ड बी बदललाय.”

भाऊसाहेबांनी फोन खिशात टाकला. म्हणजे त्यांनी बरोबर आकडा दाबला असता तर दार उघडलंच नसतं. हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण पुढच्या खड्ड्यात त्यांनी गाडी अगदी जपून घातली.

केंद्रावर एक मॅडम होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि कागद पुढं सरकवला. “कारण लिहा. फॉर्म कुणी भरला त्यांनी लिहायचं, सही-शिक्क्यासह. कारण पटलं तर एकदाच उघडता येतं.”

मी पेन घेतलं. ‘तांत्रिक’ एवढा शब्द लिहून झाला होता. ‘तांत्रिक अडचणीमुळे’ असं लिहिलं असतं तर माझ्यावर काही आलं नसतं. पण तांत्रिक अडचणीचं पत्र वर पाठवायचं असतं आणि त्याचं उत्तर यायला आठ दिवस लागतात, हे मला चांगलं माहीत होतं. माझ्या दुकानाला ऑनलाइन सेवा केंद्र म्हणून सरकारी परवानगी होती. खरं लिहिलं तर ती जाण्याची भीती होती, आणि दुसरं काही मला येत नव्हतं. रेणुका शेजारी उभी राहून माझ्या पेनाकडं बघत होती. मी तो शब्द खोडला आणि लिहिलं: ‘मी माझ्या सर्व ग्राहकांना एकच पासवर्ड दिला. त्यामुळे दुसऱ्या ग्राहकाकडून चुकून हिचे खाते उघडले गेले. चूक माझी आहे.’

मॅडमनी दोनदा वाचलं. “सगळ्यांना? एकच?”

“हो.”

“कोणता?”

मी सांगितला. त्यांनी कागद खाली ठेवला. “अहो, माझ्या भाच्याचा पण हाच आहे. हर्सूलला राहतो तो. त्याला वाटतंय ताईंनी त्याच्यासाठी खास बनवला.”

त्यांना हसू आलं आणि लगेच आवरलंही. महिनाभरात सगळ्या गिऱ्हाइकांचे पासवर्ड बदलून लेखी कळवा, नाहीतर परवानगी रद्द, असं त्यांनी मला बजावलं. मग यादी उघडली. साडेचार वाजत आले होते.

“आधी नवा पासवर्ड टाका,” त्या म्हणाल्या.

सवयीनं मी कीबोर्डकडं हात नेला. रेणुकानं तो अलगद बाजूला केला. “ताई, तुम्ही नको.”

ती विचार करत बसली. भाऊसाहेब मदतीला सरसावले, “बापाचं नाव टाक. नाहीतर देवाचं.” सखारामनं मान हलवली. तो म्हणाला, “आवडीचं टाकू नको, बाई. आवडीचं मान्सं ओळखत्यात. चिठ्ठ्या टाक.”

मग त्यानं आम्हाला सांगितलं. त्यांच्या घरात भाऊ वेगळे होतात तेव्हा मेंढरांचे वाटे पाडतात. कुणी आपल्या आवडीची मेंढी बोटानं दाखवायची नाही. वाट्याच्या चिठ्ठ्या पटक्यात टाकायच्या, हलवायच्या आणि डोळे मिटून उचलायच्या. “आवड मधी आली का समोरच्याला कळतंय आपुन काय करनार. चिठ्ठीचं कुनालाच कळत नाय. उचलनाऱ्याला बी नाय.”

मी इतकी वर्षं कॉम्प्युटरपुढं बसले होते आणि पासवर्डबद्दल इतकं शहाणपणाचं मला कुणी सांगितलं नव्हतं. माणसाला ‘काहीही सांग’ म्हटलं की तो काहीही सांगत नाही. त्याच्या घरात, खिशात, मनात जे आधीपासून पडलेलं असतं तेच सांगतो. दहा जणांना विचारा, नऊ जण गाडीचा नंबर सांगतील.

रेणुकानं माझ्या पिशवीतल्या पावतीपुस्तकाची पानं फाडली. मॅडमच्या टेबलावर कालचा पेपर होता, त्यातून बोट ठेवेल तो शब्द लिहीत गेली. पन्नासेक चिठ्ठ्या झाल्या. सखारामनं डोक्यावरचा ओला पटका सोडला, मांडीवर पसरून त्याची झोळी केली, त्यात चिठ्ठ्या हलवल्या. पोरीनं डोळे मिटून एकेक उचलायला सुरुवात केली. मी वाकून बघत होते.

“ताई,” ती म्हणाली, “तिकडं बघा.”

मी तिकडं बघितलं. भाऊसाहेबांनी तर पाठच फिरवली. समोरच्या भिंतीवर प्रवेशाच्या सूचना चिकटवल्या होत्या आणि त्यातली पहिलीच होती, आपला पासवर्ड कोणालाही सांगू नये. ही ओळ माझ्या डोळ्यांसमोर रोज यायची. मी ती दरवेळी खाली सरकवून पुढं जायची.

पाचला दहा कमी असताना यादी लॉक झाली. सरकारी कॉलेज पहिल्या नंबरला.

दुसऱ्या दिवसापासून मी शिक्षा भोगायला लागले. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा घेतला, सहाशे चिठ्ठ्या लिहिल्या. टोपलं, पंचर, घोरपड, इस्त्री, वांगं, खिडकी, असले साधे शब्द, एकमेकांशी संबंध नसलेले. जितक्या चिठ्ठ्या जास्त तितकं ओळखणाऱ्याचं काम अवघड. गिऱ्हाइकानं पाच उचलायच्या, आलेल्या क्रमानं इंग्रजी अक्षरांत लिहायच्या, ल्युडोचा फासा टाकून दोन आकडे जोडायचे, मध्ये एक खूण, आणि चिठ्ठ्या परत डब्यात. नियम एकच, आलं ते आलं.

हा नियम कुणाला मान्य होईल तर शपथ. एका सासूबाईंना ‘मुंगूस’ आलं. त्या म्हणाल्या, “आमच्याकडं चांगलं मानत्यात मुंगसाला, ऱ्हाऊ द्या. पन हे पंचर काढा, गाडी घेतलीय नवी.” मी म्हटलं, एक बदललं की ते तुमच्या मनातलं झालं. त्या म्हणाल्या, “मंग माझाच पासवर्ड हाय, माझ्या मनातलं नसू का?” अर्धा तास वाद झाला. शेवटी त्यांनी पंचर ठेवलं आणि जाताना टायर तपासले. एका नवरा-बायकोनं एकमेकांच्या चिठ्ठ्या बघितल्या आणि दोघांनाही परत उचलायला लावलं. लिहून ठेवलं तर चालेल का, असं सगळे विचारायचे. मी म्हणायची, खुशाल लिहा, पिठाच्या डब्यात ठेवा. घरात शिरलेला चोर टीव्ही नेईल, पीठ चाळत बसणार नाही. शेखमामू मुद्दाम बघायला आले. डबा उघडून वास घेतल्यासारखं केलं, म्हणाले, “अब्बी समझे तुम.” चिठ्ठी उचलली नाही. त्यांना गरज नव्हती.

महिनाभर हे चाललं, आणि त्याच महिन्यात प्रवेशाची पहिली यादी लागली.

यादीचा दिवस म्हणजे माझा सणाचा दिवस असायचा. साइट उघडली की मी सगळ्यांची खाती धडाधड बघून घ्यायची. लोक येईपर्यंत मला सगळं ठाऊक. कुणाला हसून बसवायचं, कुणाला आधी पाणी द्यायचं, ते मी ठरवून ठेवायची. त्या दिवशी सकाळी दहाला साइट उघडली, मी रेणुकाचा अर्ज क्रमांक टाकला आणि बोटं आपोआप जुन्या पासवर्डवर गेली. ‘पासवर्ड चुकीचा आहे.’ इतकं बरं वाटलं, आणि तितकंच वाईटही. मला तिचं काय झालं ते कळायचा दुसरा रस्ता नव्हता.

अकरा वाजले. बारा वाजले. मीनल येऊन गेली, तिला सरकारी मिळालं होतं. भाऊसाहेब तिच्या मागं उभे होते. त्यांनी पेढे आणले होते, पण पुडा उघडला नाही. “त्या पोरीचं कळलं का?” असं दोनदा विचारलं. नाही म्हटल्यावर पुडा माझ्या टेबलावर ठेवून बाकावर बसून राहिले. एक वाजला. टँकर आला, गेला. माझ्या मनात नको ते येत होतं. जागा काठावरची होती, मीनलला मिळाली म्हणजे तिची गेली असेल, असलं काहीतरी.

दीडला रेणुका आली. मागं सखाराम, कंपनीच्या कपड्यात. दोघांच्या तोंडावरून काही समजेना. त्या घरात तोंडावर काही दिसूच देत नाहीत.

“प्रिंट काढायची,” ती म्हणाली आणि केबल मोबाइलला लावली.

“कुठलं मिळालं?” मी विचारलं.

“येईल ना प्रिंटात.”

प्रिंटर घरघरला. इतकी वर्षं त्या प्रिंटरसमोर लोक ताटकळत उभे राहिलेले मी बघितले होते आणि आत बसून त्यांची मजाही बघितली होती. त्या दिवशी मी उठून त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. कागद हळूहळू बाहेर आला. नाव. अर्ज क्रमांक. मग कॉलेज. शहरातलं सरकारी. पसंती क्रमांक एक.

मला रडूच आलं, सांगायला लाज कसली. भाऊसाहेबांनी पुड्याचा दोरा दातानं तोडला. सखारामनं पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं.

“कधी कळलं गं तुला?” मी विचारलं. “सकाळपासून जीव टांगणीला लागलाय.”

“धालाच,” रेणुका म्हणाली. आणि मग, त्या पोरीला मी पहिल्यांदाच इतकं हसताना बघितलं. “घरात कुनी नव्हतं. आबा शिफ्टला, आई टँकरच्या रांगेत. तीन तास फक्त मलाच ठाऊक व्हतं, ताई.”